एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड चालतो, पण आतली फाइलसिस्टिम माउंट होत नाही

ग्रंथसखा_दादर

नमस्कार मंडळी. दादरच्या एका वाचनालयाने जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे स्कॅन एका २ टीबीच्या एक्सटर्नल डिस्कवर ठेवले आहेत. त्याच डिस्कवर सभासदांची कागदपत्रंही आहेत, म्हणून ती एन्क्रिप्ट केलेली आहे. फाइली कॉपी होत असताना इमारतीची वीज गेली. त्यानंतर लिनक्स संगणकाला डिस्क लावली की पासवर्ड विचारते आणि स्वीकारतेही, पण माउंट करताना 'फाइलसिस्टिमचा प्रकार चुकीचा, ऑप्शन चुकीचा किंवा सुपरब्लॉक खराब' असा संदेश येतो (सुपरब्लॉक म्हणजे फाइलसिस्टिमची मुख्य माहिती ठेवणारी जागा).

तपशील: ३.५ इंची फिरती डिस्क, यूएसबी डबीत, १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर. जीपीटी (पार्टिशनांची यादी), एकच पार्टिशन, लक्स२ (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन), आत थेट ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, मध्ये एलव्हीएमचा (लिनक्सच्या व्हॉल्यूमचा) थर नाही. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत) ५ नंबरचा आकडा ०, १९७ चा २४, १९८ चा २४, १९९ चा ०. कसलाही टकटक आवाज नाही. एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) अजून चालवलेलं नाही. लक्सच्या हेडरचा (सुरुवातीच्या, किल्ल्या असलेल्या भागाचा) बॅकअप नाही. स्कॅनची दुसरी प्रत आहे, पण ती बरीच जुनी आहे.

(आज्ञा या धाग्यात देवनागरीत लिहू या, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

स्पिंडल

एफएससीके चालवलं नाही हे सगळ्यांत चांगलं. आता ती डिस्क काढून ठेवा आणि इमेज (संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, एका फाइलीत) घ्यायची तयारी होईपर्यंत लावू नका. तुमचं डेस्कटॉप वातावरण डिस्क दिसली की आपोआप माउंट करू पाहतं, ते आधी बंद करा.

स्मार्टचे आकडे असे वाचा. १९९ शून्य आहे म्हणजे डबीच्या आतल्या साटा जोडणीत दोष दिसत नाही. ५ शून्य आहे म्हणजे डिस्कने अजून एकही सेक्टर बदलून दुसरीकडे नेलेला नाही. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर. काही डिस्कवर हा आकडा ८ च्या पटीत वाढतो, कारण आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ चे आठ असा दाखवला जातो. म्हणजे २४ चा अर्थ बहुधा ३ खरे सेक्टर. लिहीत असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेला सेक्टर असाच मागे राहतो. पृष्ठभाग खराब असेलच असं नाही, पण त्यातला मजकूर गेला.

एक महत्त्वाची गोष्ट: अशा सेक्टरवर पुन्हा लिहिलं की डिस्क तो 'बरा' करून टाकते आणि १९७ चा आकडा उतरतो. आकडा उतरला म्हणून डेटा परत आला असं नाही. मूळ डिस्कवर कोणतंही दुरुस्तीचं साधन चालवायचं नाही ते याचसाठी.

ब्लॉक४०९६

स्पिंडल यांच्याशी सहमत. या कामात चार थर आहेत: डिस्क, लक्स, ईएक्सटी४ आणि सर्वांत वर फाइली. खालचा थर पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. बहुतेकांचा डेटा जातो तो घाईने तिसऱ्या थरापासून सुरुवात केल्यामुळे.

पहिला थर. डेबियन किंवा उबुंटूवर 'जीडीडीरेस्क्यू' नावाचं पॅकेज घ्या. आज्ञेचं नाव मात्र 'डीडीरेस्क्यू'. 'डीडीरेस्क्यू' याच नावाचं जे पॅकेज आहे त्यात वेगळाच प्रोग्राम येतो आणि त्याचे ऑप्शनही वेगळे आहेत. प्रत ठेवायला ४ टीबीची डिस्क घ्या. २ टीबीची इमेज २ टीबीच्या डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही, फाइलसिस्टिमची स्वतःची जागा त्यातूनच जाते. त्या डिस्कवर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही.

क्रम असा ठेवा:

आधी फक्त सुरुवातीचे ३२ एमआयबी वाचून घ्या (-आय शून्य, -एस ३२ एमआयबी; १ एमआयबी म्हणजे १०४८५७६ बाइट). पार्टिशन १ एमआयबीपासून आणि लक्स२ चं हेडर त्यापुढे १६ एमआयबी, म्हणजे सगळ्या किल्ल्या या तुकड्यात आल्या. डिस्क पुढे अचानक दगावली तरी हा भाग हातात राहतो.

मग त्याच मॅपफाइलने (काय वाचलं आणि काय राहिलं याची डीडीरेस्क्यूची नोंद) संपूर्ण डिस्क: -डी (कॅशे टाळून थेट वाचन), -एन (खराब जागी खरवडत न बसता पुढे जा), स्रोत, इमेज, मॅपफाइल. स्रोत म्हणून पूर्ण डिस्क द्यायची, पार्टिशन नाही. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, तीही हवी.

शेवटी -एन काढून -आर३, म्हणजे उरलेल्या जागांसाठी तीन फेऱ्या.

सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर २ टीबीला साडेपाच तास लागतात. एवढा वेळ यूपीएसवर चालवा. मॅपफाइल विसरलात तर काम मध्येच थांबल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागेल. पुढे तर ती याहूनही जास्त उपयोगी आहे, ते इमेज झाल्यावर सांगतो.

मुलुंड_पूर्व

डबीतून काढून थेट साटावर लावली तर जास्त बरं नाही का? ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर साटा डॉक सहज मिळतात.

स्पिंडल

बरं पडतं, पण आधी दोन गोष्टी तपासा. काही डब्यांमधली यूएसबी पाटी (सर्किट बोर्ड) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवते. अशा डबीत पार्टिशन बनवलं असेल तर थेट साटावर डिस्क 'कोरी' दिसते, कारण जीपीटी बाइट ५१२ वर शोधली जाते आणि ती असते बाइट ४०९६ वर. डेटा जागेवरच असतो. इमेजला लूप (फाइल डिस्कसारखी दाखवणारं साधन) जोडताना सेक्टर-साइझ ४०९६ दिलं की पार्टिशन पुन्हा दिसतं.

दुसरं, काही डब्यांची पाटी स्वतःच एन्क्रिप्शन करते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तिथे थेट साटावर नुसता कचरा मिळेल. डबीतून आणि थेट अशी पहिली १०० एमबी दोन्हीकडून वाचा. दोन्ही जुळले तर थेट साटा वापरा.

२.५ इंची डिस्क असेल तर हा प्रश्न बरेचदा उद्भवतच नाही. अनेक मॉडेलमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्याच पाटीवर झाळलेलं असतं, साटा नसतंच.

ग्रंथसखा_दादर

इमेज झाली, थेट साटावरून. पहिली १०० एमबी दोन्हीकडून जुळली. न वाचलेले एकूण २०४८० बाइट. मॅपफाइलमध्ये तीन जागा आहेत (दशमान करून देत आहे):

१७८२५७९२ पासून ४०९६ बाइट
२३५६०१९२ पासून ८१९२ बाइट
५३८६५३४९१२ पासून ८१९२ बाइट

पार्टिशनची सुरुवात १०४८५७६ वर.

ब्लॉक४०९६

हे आकडे पाहिल्यावर निदान जवळजवळ झालंच.

लक्सडंपमध्ये (हेडरमधली माहिती छापणारी आज्ञा) डेटा सेगमेंटचा ऑफसेट १६७७७२१६ असेल. त्यात पार्टिशनचे १०४८५७६ मिळवा: १७८२५७९२. म्हणजे तुमची पहिली खराब जागा ही ईएक्सटी४ चा अगदी पहिला ब्लॉक आहे. मुख्य सुपरब्लॉक त्यातच, बाइट १०२४ पासून. तो सतत लिहिला जातो, त्यामुळे वीज गेली त्या क्षणी तोच लिहिला जात होता यात नवल नाही. लक्सचं हेडर पूर्ण वाचलं गेलं आहे, म्हणून पासवर्ड चालतो.

उरलेल्या दोन जागांचं गणित तसंच: (जागा − १७८२५७९२) ÷ ४०९६. दुसरी जागा म्हणजे ब्लॉक १४०० आणि १४०१. तिसरी म्हणजे ब्लॉक १३१०७२० आणि १३१०७२१. त्यांत काय होतं ते नंतर कळेल.

आता एन्क्रिप्शनमुळे पडणारा एक फरक. डीडीरेस्क्यूने न वाचलेल्या जागी इमेजमध्ये शून्यं असतात. ती एन्क्रिप्टेड बाजूची शून्यं आहेत. लक्स उघडल्यावर त्यांचं डिक्रिप्शन होऊन तिथे दिसतो गोंगाट, शून्यं नव्हे. साध्या डिस्कवर एफएससीकेला रिकामी जागा दिसते. इथे त्याला बेताल आकडे दिसतात आणि ते आकडे खरे धरून तो भलत्याच दुरुस्त्या सुचवू शकतो. न वाचलेल्या जागा ओळखता याव्यात म्हणून डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने खुणेचा मजकूर भरायची पद्धत आहे, तीही इथे एन्क्रिप्टेड इमेजवर चालत नाही. खूण डिक्रिप्ट होऊन तिचाही गोंगाट होतो.

चांगली बाजू: लक्सच्या नेहमीच्या एक्सटीएस एन्क्रिप्शन पद्धतीत नुकसान पसरत नाही. एन्क्रिप्टेड डेटातला एक बिट बिघडला तर तेवढा १६ बाइटचा तुकडा जातो, शेजारचा शाबूत राहतो. २०४८० बाइट गेले म्हणजे २०४८० बाइटच गेले.

किल्लीदार

लक्सच्या थरावर दोन शब्द. इमेजला लूप जोडताना -आर (फक्त वाचन) आणि -पी (मोठा; पार्टिशनं शोध) द्या. मग लक्सडंप, आणि लगेच लक्सहेडरबॅकअप. ती १६ एमआयबीची फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतरच क्रिप्टसेटअप (लक्स हाताळणारा प्रोग्राम) ओपन, रीडओन्लीसह. मूळ डिस्क त्या वेळी लावलेली नको. दोन्हीकडे एकच यूयूआयडी (ओळख क्रमांक) असतो आणि चुकीचं साधन उघडलं जाऊ शकतं. एलव्हीएम असतं तर हा घोळ आणखी वाढला असता.

हेडर फाइलसिस्टिमपेक्षा कितीतरी नाजूक आहे. 'व्हॉल्यूम की' (डेटा प्रत्यक्ष जिने एन्क्रिप्ट होतो ती किल्ली) ही किल्लीच्या खाचेत (एकेका पासवर्डासाठी राखलेल्या जागेत) ४००० पट्ट्यांमध्ये फोडून ठेवलेली असते. हेतू असा की खाच पुसली की तिचा एकही तुकडा कामाचा राहू नये. त्याचाच परिणाम म्हणजे त्या भागातला एक बिट बिघडला तरी ती खाच कायमची गेली. लक्स२ मध्ये हेडरच्या माहितीच्या दोन प्रती असतात, पहिली बाइट ० वर, दुसरी १६३८४ वर. पण खाचांचा भाग एकच, त्याची दुसरी प्रत नसते. लक्स१ मध्ये तर ५९२ बाइटचं एकच हेडर आणि ८ खाचा.

लाइव्ह यूएसबीवर काम करत असाल तर मेमरी पाहा. पासवर्डवरून किल्ली काढायची लक्स२ ची नेहमीची पद्धत आर्गॉन२, आणि लक्सडंपमध्ये खाचेसमोर मेमरी १०४८५७६ असं दिसलं तर ते केआयबी आहेत, म्हणजे पूर्ण १ जीआयबी. २ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लाइव्ह यूएसबी चालू असताना उघडण्याची प्रक्रिया मध्येच मारली जाते आणि पासवर्ड चुकला असं वाटत राहतं.

ओवी_टर्मिनल

पासवर्डवरून आठवलं. पासवर्ड मराठीत असेल तर विशेष काळजी घ्या. क्रिप्टसेटअपला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. 'दिवाळी' इन्स्क्रिप्टने टाइप केलं काय, फोनेटिकने केलं काय, बाइट तेच येतात. पण 'दर्‍या'सारख्या शब्दात एक कीबोर्ड शून्य-रुंदीचा जोडक घालतो, दुसरा आयलॅश र साठी 'ऱ' चं स्वतंत्र चिन्ह वापरतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पासवर्ड मात्र वेगळा होतो. ज्या कीबोर्डने ठेवला त्याच कीबोर्डने टाइप करा.

पासवर्ड की-फाइलमध्ये लिहून दिलात तर शेवटची नवी ओळही किल्लीत धरली जाते. एकोने फाइल बनवत असाल तर -एन द्या.

मुलुंड_पूर्व

इमेज हाती आहे ना? मग सरळ ई२एफएससीके -वाय (ईएक्सटी४ चं एफएससीके, सगळ्या प्रश्नांना 'हो') चालवा. बॅकअप सुपरब्लॉक देऊन दहा मिनिटांत काम होईल. बिघडलं तर इमेज पुन्हा कॉपी करता येते.

ब्लॉक४०९६

२ टीबीची इमेज दर प्रयोगाला पुन्हा कॉपी करायला तासचे तास जातील, आणि वाचनालयाकडे जागा एकाच प्रतीची असेल. त्याऐवजी ओव्हरले करा. उघडलेलं लक्स साधन फक्त वाचनासाठी राहतं आणि त्यावर होणारं सगळं लेखन वेगळ्या फाइलीत जातं:

ट्रंकेटने २० जीबीची विरळ फाइल बनवा आणि तिला लूप जोडा. ब्लॉकडेव्ह -गेटएसझेडने उघडलेल्या लक्स साधनाचे सेक्टर मोजा. मग डीएमसेटअप क्रिएटला ही एक ओळ द्या: ०, सेक्टरांची संख्या, 'स्नॅपशॉट', मूळ साधन, नवी लूप, 'पी', ८. इथे ८ म्हणजे ८ सेक्टर, ४ केआयबीचा तुकडा. प्रयोग फसला की स्नॅपशॉट काढा, फाइल पुसा, नवीन करा. अर्ध्या मिनिटाचं काम. २० जीबी भरत आले तर मात्र थांबा. ती फाइल भरली की स्नॅपशॉट बाद होतो.

आणि -वाय ला माझा विरोध ओव्हरलेवरसुद्धा आहे, निदान पहिल्या पायरीला. ई२एफएससीकेचं काम फाइलसिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. एखादा इनोड (एका फाइलीची माहिती आणि तिच्या जागांची नोंद) संशयास्पद वाटला तर तो पुसून फाइलसिस्टिम स्वच्छ झाली असं तो म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आधी जे आहे तसं काढून घ्या, मग दुरुस्ती.

ग्रंथसखा_दादर

ओव्हरले तयार आहे. बॅकअप सुपरब्लॉकचा नंबर नक्की कोणता द्यायचा? काही ठिकाणी ८१९३ लिहिलेलं आढळलं.

ब्लॉक४०९६

८१९३ हा १०२४ बाइटच्या ब्लॉकसाठी. तुमच्या आकाराच्या डिस्कवर ब्लॉक ४०९६ चा असतो, तिथे बॅकअप ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२, ८१९२००, ८८४७३६ असे पुढे जातात. एमकेई२एफएस -एन हीच यादी छापतं, पण ते -एन विसरलं तर डिस्क फॉरमॅट होते. त्यामुळे वरची यादीच वापरा.

पहिली चाचणी, फक्त वाचन: डंपई२एफएसला -ओ सुपरब्लॉक=३२७६८ आणि -ओ ब्लॉकसाइझ=४०९६. यादी नीट छापली गेली तर तो सुपरब्लॉक चांगला.

दुसरी: माउंट, ऑप्शन आरओ, नोलोड, एसबी=१३१०७२. इथे बरेच जण अडकतात. माउंटमधला एसबी हा आकडा नेहमी १ केआयबीच्या एककात असतो, म्हणून ३२७६८ × ४. आणि नोलोड हवंच. ईएक्सटी४ ला नुसतं आरओ दिलं तरी ते जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) चालवून डिस्कवर लिहू पाहतं. साधन खरोखरच फक्त-वाचन असेल तर 'लिहिण्याची परवानगी नाही, पुढे जाता येत नाही' म्हणून थांबतं.

माउंट झालं तर आरसिंकने सगळं बाहेर काढा. नाही झालं तर डीबगएफएस: -सी, -बी ४०९६, -एस ३२७६८, आणि आत आरडंप, स्रोत '/', पुढे रिकामं फोल्डर. -सी मध्ये बिटमॅप (कोणती जागा वापरात आहे याचे नकाशे) वाचलेच जात नाहीत, त्यामुळे अर्धवट मोडलेल्या फाइलसिस्टिममधूनही फाइली निघतात, मराठी फोल्डरनावांसकट.

गट ० चा (ब्लॉकांच्या पहिल्या गटाचा) इनोड टेबल कुठून कुठे आहे तेवढं डंपई२एफएसच्या छापलेल्या यादीतून सांगा.

ग्रंथसखा_दादर

३२७६८ वरचा सुपरब्लॉक चांगला निघाला. गट ०: इनोड टेबल १२९० ते १८०१. नोलोडसह माउंट झालं आणि आरसिंक चालू आहे. काही फाइलींवर 'इनपुट/आउटपुट एरर' आणि 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' येत आहे. एक पूर्ण फोल्डर उघडत नाही.

ब्लॉक४०९६

अपेक्षितच. ब्लॉक १४०० आणि १४०१ इनोड टेबलात पडतात. इनोड २५६ बाइटचा, म्हणजे ब्लॉकमध्ये १६. (१४०० − १२९०) × १६ = १७६०, म्हणून इनोड १७६१ ते १७९२ असे ३२ गेले. फाइलीचं नाव फोल्डरमध्ये शिल्लक आहे, पण ते ज्या इनोडकडे बोट दाखवतं तिथे गोंगाट आहे. चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही म्हणून कर्नल तो नाकारतो. त्या ३२ पैकी एक इनोड फोल्डरचा असावा, म्हणून आतलं सगळं एकदम अदृश्य झालं. आतल्या फाइलींचे स्वतःचे इनोड बहुधा दुसरीकडे सुखरूप आहेत.

आता जर्नलचा उपयोग. ईएक्सटी४ जर्नलमध्ये बदललेल्या मेटाडेटा ब्लॉकची पूर्ण प्रत आधी लिहितं. वीज जायच्या सुमारास १४०० लिहिला जात होता म्हणूनच तो सेक्टर अर्धवट राहिला असेल, तर त्याची चांगली प्रत जर्नलमध्ये असण्याची शक्यता मोठी. डीबगएफएसमध्ये लॉगडंप -बी १४०० देऊन पाहा. प्रत दिसली तर ओव्हरलेवर ई२एफएससीके, -बी ३२७६८ -बी (मोठा) ४०९६ आणि -ई जर्नल_ओन्ली. यात फक्त जर्नल चालतं, दुसरी कोणतीही दुरुस्ती होत नाही. बॅकअप सुपरब्लॉकमध्ये 'जर्नल बाकी आहे' ही खूण अद्ययावत नसते, त्यामुळे 'खूण नाही पण जर्नलमध्ये डेटा आहे' असा प्रश्न येऊ शकतो. नीट वाचा आणि जर्नल चालवायला होकार द्या.

आरसिंक आधी पूर्ण होऊ द्या आणि माउंट काढा. मगच हे.

लोकल_होस्ट

धागा फार उपयोगी चालला आहे. थोडं वेगळं विचारतो. पार्टिशन न करता पूर्ण डिस्कच लक्स केलेली आहे. ती विंडोजला लावली गेली आणि 'डिस्क इनिशिअलाइझ करा' याला ओके दाबलं गेलं. आता काहीच उघडत नाही. काही आशा?

किल्लीदार

एमबीआर (पार्टिशनांच्या यादीची जुनी पद्धत) निवडलं होतं की जीपीटी, आणि लक्स१ की लक्स२, यावर सगळं अवलंबून.

लक्स२ आणि एमबीआर: फक्त पहिले ५१२ बाइट गेले. १६३८४ वरची दुसरी प्रत शाबूत. क्रिप्टसेटअप स्वतःहून ती उचलणार नाही, कारण डिस्कवर आता पार्टिशन टेबलाची खूणही दिसते. 'संदिग्ध खुणा, आपोआप दुरुस्ती करता येत नाही' असं सांगतो आणि रिपेअर चालवायला सुचवतो. इमेजच्या ओव्हरलेवर क्रिप्टसेटअप रिपेअर चालवा.

लक्स२ आणि जीपीटी: जीपीटी ३४ सेक्टर घेते, म्हणजे १७४०८ बाइट. पहिली प्रत पूर्ण गेली आणि दुसरीचे पहिले १०२४ बाइटही. रिपेअरला काही सापडणार नाही. तरी निराश होऊ नका. हेडरच्या त्या दुसऱ्या प्रतीत पहिले ४०९६ बाइट बायनरी आणि त्यानंतर, २०४८० पासून, जेसन मजकूर असतो. खाचांचं सॉल्ट (पासवर्डात मिसळायचे बेताल बाइट), आर्गॉनचे आकडे, डायजेस्ट (किल्ली बरोबर आहे का ते पडताळायचा ठसा), डेटाचा ऑफसेट हे सगळं जेसनमध्ये. बायनरी भागात खूण, आवृत्ती, आकार, अनुक्रमांक, यूयूआयडी आणि चेकसम एवढंच, आणि तो कामाचा भाग ५१२ बाइटचा. हेक्स एडिटरमध्ये २०४८० वर महिरपी कंसाने सुरू होणारा मजकूर दिसतोय का पाहा. दिसत असेल आणि ३२७६८ पासून पुढे खाचांचा भाग अखंड असेल, तर तसाच एक नवा लक्स२ हेडर दुसऱ्या फाइलीत बनवा, त्याच्या बायनरी भागाला जुना जेसन जोडा आणि चेकसम नव्याने काढा: चेकसमची जागा शून्य करून बायनरी आणि जेसन मिळून पूर्ण १६ केआयबीचा शा-२५६. मग -हेडर ऑप्शनने ती फाइल देऊन उघडा. किचकट आहे, पण पासवर्ड माहीत असेल तर डेटा परत मिळतो.

लक्स१: पहिल्या ५१२ बाइटमध्ये मुख्य डायजेस्ट आणि ० ते ५ खाचांची सॉल्ट असतात. हेडरचा बॅकअप नसेल तर मार्ग बंद. कोणी पैसे घेऊन 'काढून देतो' म्हणालं तर देऊ नका.

मुलुंड_पूर्व

आणि समजा डिस्क अजून चालू संगणकावर उघडीच आहे, फक्त हेडर पुसलं गेलं आहे?

किल्लीदार

मग काहीही झालं तरी मशीन बंद करू नका, रीबूटही नाही. किल्ली मेमरीत आहे. लक्स१ असेल तर डीएमसेटअप टेबल -शोकीज व्हॉल्यूम की सरळ छापतं. ती जपून ठेवा आणि पुढे व्हॉल्यूम-की-फाइलने उघडा. लक्स२ मध्ये किल्ली सहसा कर्नलच्या कीरिंगमध्ये (किल्ल्यांच्या राखीव कप्प्यात) असते आणि हीच आज्ञा फक्त कीरिंगचा उल्लेख दाखवते, किल्ली नाही. तिथे पहिलं काम एकच: उघडं आहे तोवर सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

स्पिंडल

डिस्क टकटक करत असेल किंवा फिरतच नसेल तर हे काहीही घरी करू नका. लॅबमध्ये द्या, पण पासवर्ड देऊ नका; त्यांना तो लागत नाही. कच्ची इमेज आणि न वाचलेल्या जागांची यादी एवढंच मागा. साध्या डिस्कवर लॅब फाइलींची यादी दाखवून काम झालं असं ठरवते. एन्क्रिप्टेडवर ते शक्य नाही. म्हणून लेखी ठरवा: आधी पहिले ३२ एमआयबी, मग बाकीचं, आणि हिशेब वाचलेल्या सेक्टरांच्या टक्क्यांवर. पावसाच्या पाण्यात भिजलेली डिस्क चालू करून पाहू नका, उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून पोचवा. गढूळ पाणी आत वाळलं की ते प्लेटवर चिकटतं.

एसएसडीचा हिशेब वेगळा. लक्समधून ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणारी सूचना) जाऊ दिलं असेल तर पुसलेल्या फाइली खरोखरच गेलेल्या असतात. मूळ व्यवस्थेत डीएम-क्रिप्ट ट्रिम पुढे जाऊ देत नाही, म्हणून क्रिप्टटॅब या सेटिंगच्या फाइलीत 'डिस्कार्ड' लिहिलंय का ते आधी पाहा.

ग्रंथसखा_दादर

लॉगडंपमध्ये १४०० आणि १४०१ दोन्हींच्या प्रती दिसल्या. ओव्हरलेवर जर्नल_ओन्ली चालवलं. आता ते फोल्डर उघडतंय आणि 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' येणं बंद झालं आहे. सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या जागेतलं काय गेलं ते कसं कळेल? आणि फोटोरेक चालवायची गरज आहे का?

ब्लॉक४०९६

फार छान बातमी. फोटोरेकची गरज नाही. ते नावं आणि फोल्डर गमावून फक्त मजकुरावरून फाइली वेचतं, शेवटचा उपाय म्हणून ठीक. कधी वापरायचं झालं तर उघडलेल्या लक्स साधनावर चालवायचं, एन्क्रिप्टेड इमेजवर नाही. तिथे त्याला काहीच ओळखू येणार नाही.

तिसऱ्या जागेसाठी डीबगएफएसमध्ये आयचेक १३१०७२० १३१०७२१. इनोडचा नंबर मिळेल. तो एनचेकला द्या, पूर्ण नाव मिळेल. बहुधा एकाच फाइलीचे ८१९२ बाइट असतील. ती फाइल उघडेल, पण मध्येच ८ केआयबी गोंगाट. कर्नल इथे एरर देणार नाही, कारण ईएक्सटी४ फाइलींच्या मजकुराचा चेकसम ठेवत नाही. म्हणून आरसिंकने तक्रार केली नाही म्हणजे फाइल चांगली, असं धरू नका. 'ब्लॉक कोणाचाच नाही' असं उत्तर आलं तर ती जागा रिकामी होती, काहीच गेलं नाही.

जर्नल चालवल्यानंतर ओव्हरलेवरून आरसिंक पुन्हा चालवा, या वेळी -चेकसमसह, म्हणजे पहिल्या फेरीत अर्धवट आलेल्या फाइली बदलल्या जातील. मग ई२एफएससीके -एन -एफ आणि त्याचं उत्तर इथे टाका. लॉस्ट+फाउंडमध्ये काही आलं तर नावाच्या जागी # आणि इनोड नंबर असेल.

ओवी_टर्मिनल

स्कॅन तपासायला: जेपेगसाठी जेपेगइन्फो -सी, पीडीएफसाठी क्यूपीडीएफ -चेक, टिफसाठी टिफइन्फो -डी (मोठा), त्यात पानाचा डेटा प्रत्यक्ष वाचला जातो. तिन्ही फाइंडने सगळ्या फोल्डरांवर चालवा आणि फक्त चुकांच्या ओळी एका फाइलीत घ्या. कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये ८ केआयबी गोंगाट कोणतंही साधन पकडत नाही. तो पानावर आडव्या ठिपक्यांच्या पट्टीसारखा दिसतो, डोळ्यांनीच शोधावा लागतो. तेवढं पान मूळ अंकावरून पुन्हा स्कॅन करा.

किल्लीदार

आणि आता ज्या ४ टीबीच्या डिस्कवर फाइली उघड्या उतरल्या आहेत, तिच्यात सभासदांची कागदपत्रंही आहेत. नवी लक्स२ डिस्क तयार करा, सगळं तिच्यावर न्या, मग ४ टीबीची पूर्ण पुसा. नव्या डिस्कचा लक्सहेडरबॅकअप त्याच दिवशी घ्या आणि वेगळ्या जागी ठेवा. पुढे पासवर्ड बदलला तर जुना बॅकअप नष्ट करून नवा घ्या. जुन्या हेडरमध्ये जुना पासवर्ड चालूच राहतो.